भावाच्या शवापाशी घेतलेली शपथ : ओवेन लव्हजॉय यांचे जीवन



अब्राहम लिंकन हे नाव तुमच्यापैकी कोणाला ठाऊक नाही? ओंडक्यांच्या झोपडीत जन्मलेला गरीब मुलगा अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष झाला आणि त्याने गुलामगिरीवर घाव घातला, एवढे तर शाळेत जाणाऱ्या प्रत्येकाच्या कानावर आलेले असते. पण हा धडा शिकविताना एक गोष्ट नेहमी राहून जाते. लिंकनने १ जानेवारी १८६३ रोजी ज्या जाहीरनाम्यावर सही केली, त्या सहीपर्यंत देशाला आणून पोचविण्यासाठी कितीतरी माणसे पंचवीस-तीस वर्षे झिजली होती. इमारतीचा कळस सर्वांना दिसतो, पाया मात्र मातीत गाडलेला असतो. त्या पायातील एका दगडाची ओळख आज तुम्हाला करून द्यायची आहे. त्यांचे नाव ओवेन लव्हजॉय. ते आधी धर्मोपदेशक होते, मग शेतकरी झाले आणि शेवटी लोकप्रतिनिधी म्हणून वॉशिंग्टनला गेले. आपल्याकडे त्यांचे नाव फारसे घेतले जात नाही, अमेरिकेच्या इतिहासात मात्र ते मानाने घेतले जाते.

त्यांचे चरित्र वाचण्यापूर्वी एका प्रश्नाचा विचार करा. आपल्या जिवाभावाच्या माणसाला जमावाने ठार मारले, मारणारे कोण होते हे गावाला माहीत आहे, आणि तरीही न्यायालयात कोणालाच शिक्षा झाली नाही, तर मागे राहिलेल्या माणसाने काय करावे? सूड घ्यावा? गाव सोडून जावे? की तोंड मिटून आपला संसार सांभाळावा? ओवेन लव्हजॉय यांच्यापुढे वयाच्या सव्विसाव्या वर्षी हाच प्रश्न उभा राहिला. त्यांनी दिलेले उत्तर म्हणजेच त्यांचे उरलेले आयुष्य.

बालपण आणि शिक्षण

ओवेनचा जन्म ६ जानेवारी १८११ रोजी अमेरिकेच्या ईशान्य कोपऱ्यातील मेन या भागात, आल्बियन नावाच्या खेड्यात झाला. वडील डॅनियल लव्हजॉय हे ख्रिस्ती धर्मातील काँग्रिगेशनल पंथाचे धर्मोपदेशक होते. पण केवळ धर्मोपदेशावर मोठ्या कुटुंबाचे पोट भरत नसे, म्हणून ते शेतीही करीत. थंडी कडाक्याची, जमीन खडकाळ आणि घरात खाणारी तोंडे बरीच. अशा घरात दोन गोष्टी मुलांना न सांगताच शिकायला मिळाल्या. एक अंगमेहनत आणि दुसरी धर्मग्रंथाचे वाचन.

भावंडांत सर्वांत थोरला एलिजा. तो ओवेनपेक्षा आठ वर्षांनी मोठा होता. एलिजा हुशार निघाला, वॉटरव्हिलच्या महाविद्यालयातून १८२६ साली पदवीधर झाला आणि नशीब काढायला पश्चिमेकडे सेंट लुईस शहरी गेला. धाकट्या ओवेननेही मेनमधील बोडन महाविद्यालयात शिक्षण घेतले, काही काळ शाळेत शिकविले, कायद्याचाही अभ्यास केला. वकिली मात्र त्याने कधी केली नाही. हे कायद्याचे शिक्षण वाया गेले असे त्या वेळी कोणालाही वाटले असते. पुढे ते कसे उपयोगी पडले ते आपण पाहणारच आहोत. विद्यार्थी मित्रांनो, शिकलेले कधी वाया जात नाही, त्याची वेळ तेवढी यावी लागते.

आल्टनची रात्र

एलिजा लव्हजॉय सेंट लुईसला एक धार्मिक वृत्तपत्र चालवीत असत. सेंट लुईस हे मिसुरी राज्यातील शहर, आणि मिसुरीत गुलामगिरी कायदेशीर होती. आफ्रिकेतून पकडून आणलेल्या लोकांची लेकरे-नातवंडे तेथे गुरांसारखी विकली जात. नवरा एका मालकाला आणि बायको दुसऱ्याला, असे व्यवहार बाजारात उघडपणे चालत. एप्रिल १८३६ मध्ये त्या शहरात फ्रान्सिस मॅकिन्टॉश नावाच्या एका स्वतंत्र कृष्णवर्णीय माणसाला जमावाने झाडाला बांधून जिवंत जाळले. त्याच्या हातून एका सरकारी अंमलदाराचा खून झाला होता हे खरे, पण त्याचा न्याय करणे हे न्यायालयाचे काम होते. पुढे चौकशी आली तेव्हा न्यायाधीशाने पंचांना असे समजावले, की हे कृत्य मोजक्या माणसांचे नसून मोठ्या जमावाचे असेल तर ते कायद्याच्या आवाक्याबाहेरचे आहे. त्या न्यायाधीशाचे आडनाव लॉलेस होते. इंग्रजीत या शब्दाचा अर्थ होतो बेकायदा!

एलिजांनी याविरुद्ध आपल्या पत्रात कडक लिहिले. परिणामी त्यांचे छापखान्यावर हल्ले झाले आणि त्यांना शहर सोडावे लागले. ते मिसिसिपी नदीच्या पलीकडे, इलिनॉय राज्यातील आल्टन या गावी गेले. इलिनॉय हे गुलामगिरी नसलेले राज्य म्हणून ओळखले जाई. तेथे तरी आपल्याला मोकळेपणाने लिहिता येईल असे त्यांना वाटले. पण गुलामगिरी नसलेल्या राज्यातही गुलामांचा कैवार घेणारा माणूस लोकांना नकोसाच होता. व्यापाऱ्यांचे धंदे नदीपलीकडच्या गुलाममालकांवर अवलंबून होते. एकामागून एक तीन छापयंत्रे जमावाने मोडून टाकली. धाकटा भाऊ ओवेन १८३६ साली आल्टनला येऊन एलिजांपाशी राहिला होता आणि धर्मोपदेशक होण्याचा अभ्यास करीत होता. हे सारे त्याने डोळ्यांनी पाहिले.

चौथे यंत्र नोव्हेंबर १८३७ मध्ये आले आणि नदीकाठच्या एका दगडी वखारीत ठेवले गेले. ७ नोव्हेंबरच्या रात्री जमावाने वखारीला वेढा घातला. आत एलिजा आणि त्यांचे काही सोबती बंदुका घेऊन बसले होते. दोन्ही बाजूंनी गोळ्या झाडल्या गेल्या आणि जमावातील एक जण ठार झाला. मग हल्लेखोरांनी शिडी लावून छपराला आग लावण्याचा प्रयत्न सुरू केला. तो थोपविण्यासाठी एलिजा बाहेर आले आणि पाच गोळ्या लागून कोसळले. यंत्राचे तुकडे करून ते नदीत फेकण्यात आले. ९ नोव्हेंबरला एलिजांना मूठमाती देण्यात आली. तो त्यांचा पस्तिसावा वाढदिवस होता.

पुढे १८३८ च्या सुरुवातीस खटले झाले. छापखान्याचे रक्षण करणाऱ्यांवरही खटला आणि हल्ला करणाऱ्यांवरही खटला. दोन्ही निर्दोष सुटले. एका माणसाचा जीव गेला, पण कोणीही दोषी ठरले नाही.

वाचकहो, ओवेनने भावाच्या शवापाशी गुडघे टेकून ईश्वराला साक्षी ठेवले आणि शपथ घेतली. ज्या कामावर आपल्या भावाचे रक्त शिंपडले गेले आहे, ते काम आपण कधीही सोडणार नाही, अशी ती शपथ होती. नीट लक्ष द्या. ज्यांनी भावाला मारले त्यांचा सूड घेईन असे त्यात कोठेही नव्हते. भाऊ ज्या कामासाठी मेला ते काम पुरे करण्याचे ते वचन होते. या दोन गोष्टींत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. सूडाची शपथ घेणारा माणूस मारणाऱ्यांच्या मागे धावतो आणि हळूहळू त्यांच्यासारखाच होतो. कामाची शपथ घेणाऱ्याला दररोज सकाळी उठून काही तरी करावे लागते.

पहिले काम त्यांनी लेखणीनेच केले. दुसरे भाऊ जोसेफ यांच्यासह त्यांनी एलिजांचे चरित्र लिहिले आणि ते १८३८ साली न्यूयॉर्कला प्रसिद्ध झाले. माजी राष्ट्राध्यक्ष जॉन क्विन्सी अ‍ॅडम्स यांनी त्याला प्रस्तावना लिहिली. छापखाना मोडणाऱ्यांना हे उत्तर छापील पानांनीच दिले गेले.

धर्मपीठ आणि शेत

ओवेन लव्हजॉय यांना एपिस्कोपल पंथाचे धर्मोपदेशक व्हायचे होते. परंतु इलिनॉयमधील त्या पंथाच्या अधिकाऱ्यांनी अट घातली, की गुलामगिरीच्या प्रश्नावर तोंड उघडायचे नाही. तरुण, हाती पैसा नाही, घरावर दुःखाचा डोंगर कोसळलेला. अशा वेळी एक सही केली असती तर आयुष्यभराची सोय झाली असती. त्यांनी ती केली नाही आणि ते दुसरीकडे वळले. शिकागोच्या पश्चिमेस शंभर-सव्वाशे मैलांवर प्रिन्सटन नावाचे नवे गाव वसत होते. तेथील काँग्रिगेशनल चर्चने त्यांना बोलावले. १८३८ पासून सुमारे सतरा वर्षे ते तेथे धर्मोपदेशक होते.

प्रवचनांत ते गुलामगिरीविषयी बोलत. काही श्रोते उठून जात, काहींनी येणेच बंद केले. आजूबाजूच्या गावांत सभा घ्यायला गेले की दगड आणि अंडी यांचा मारा होई. तरी ते पुन्हा त्याच गावात जात. जो धर्म दुसऱ्याच्या गळ्यातील साखळीकडे पाहून डोळे मिटायला सांगतो, तो आपला धर्म नव्हे, असे त्यांचे मत होते. ईश्वरापुढे सगळी माणसे सारखी, हे रविवारी म्हणायचे आणि सोमवारी विसरायचे, हे त्यांना जमले नाही.

जानेवारी १८४३ मध्ये त्यांचा विवाह युनिस डेनहॅम या विधवा बाईंशी झाला. युनिसच्या पहिल्या पतीची प्रिन्सटनजवळ शेती आणि घर होते. त्या घराचा आणि शेताचा कारभार आता लव्हजॉय पाहू लागले. इलिनॉयचा तो प्रदेश म्हणजे मैलोन्‌मैल पसरलेले गवताळ माळरान. काळी, चिकट, कसदार जमीन. काही वर्षांपूर्वीपर्यंत त्या मुलुखात अमेरिकेचे मूळ रहिवासी राहत असत. त्यांना हुसकावून गोऱ्या लोकांनी वसाहती केल्या, हेही सत्य आपण विसरता कामा नये. त्या मातीत लाकडी वा बिडाचे नांगर रुतून बसत. १८३७ साली त्याच राज्यात जॉन डीअर नावाच्या लोहाराने पोलादी फाळाचा नांगर तयार केला, तेव्हा कोठे ही जमीन नीट उलटू लागली. मका, गहू, गुरे असा तेथील शेतकऱ्याचा प्रपंच. वडिलांप्रमाणेच लव्हजॉय हेही धर्मोपदेशक आणि शेतकरी झाले. अवतीभवतीच्या शेतकऱ्यांचे कर्ज, बाजारभाव, रस्ते, बी-बियाणे यांची काळजी त्यांची स्वतःची काळजी झाली. पुढे हेच शेतकरी त्यांना निवडून देणार होते.

घराचे दार

त्या काळी दक्षिणेतील राज्यांतून जे गुलाम पळून येत, ते रात्री चालत आणि दिवसा लपून राहत उत्तरेकडे कॅनडाच्या दिशेने जात. वाटेत त्यांना आसरा देणारी काही घरे होती. एका घराने दुसऱ्या घरापर्यंत पोचवायचे, दुसऱ्याने तिसऱ्यापर्यंत. या व्यवस्थेला लोक भूमिगत रेल्वे म्हणत. तिला ना रूळ होते ना इंजिन, होती ती केवळ माणसांची माणुसकी. प्रिन्सटनचे लव्हजॉय यांचे घर या वाटेवरचे एक ठळक ठाणे होते. आलेल्याला जेवू घालणे, निजण्याची सोय करणे, कपडे देणे आणि गाडीतून पुढच्या मुक्कामी पोचविणे, हे सारे तेथे चाले. हे काम एकट्या पुरुषाचे नव्हते. रात्री-अपरात्री दार ठोठावले जाई तेव्हा चूल पेटविणारी युनिसच होती. इतिहासात नवऱ्याचे नाव मोठ्या अक्षरात छापले जाते, पण त्या घराचे दार दोघांनी मिळून उघडे ठेवले होते.

इलिनॉयच्या कायद्याने पळालेल्या गुलामाला आसरा देणे हा गुन्हा होता. १८४३ साली लव्हजॉय यांच्यावर तसा खटला भरला गेला. नान्सी नावाच्या एका गुलाम स्त्रीला त्यांनी घरात ठेवून घेतल्याचा आरोप होता. ऑक्टोबरमध्ये प्रिन्सटन येथेच न्यायमूर्ती जॉन डीन कॅटन यांच्यापुढे सुनावणी झाली. शिकागोचे वकील जेम्स कॉलिन्स यांनी लव्हजॉय यांची बाजू मांडली आणि कायदा शिकलेले लव्हजॉय स्वतःही पंचांपुढे बोलले. सुनावणीत असे निघाले, की नान्सीचा मालक केंटकीहून मिसुरीला जाताना तिला आपणहून इलिनॉय राज्यातून घेऊन चालला होता. न्यायमूर्तींनी पंचांना सांगितले, की मालकाने आपल्या मर्जीने गुलामाला गुलामगिरी नसलेल्या राज्यात आणले तर ती व्यक्ती तेथे स्वतंत्र होते. नान्सी गुलामच नव्हती, मग गुलामाला लपविल्याचा गुन्हा कसला? पंचांनी लव्हजॉय यांना निर्दोष ठरविले.

सहा वर्षांपूर्वी त्याच राज्यातील न्यायालयाने त्यांच्या भावाला न्याय दिला नव्हता. तरी लव्हजॉय यांनी न्यायालयाकडे पाठ फिरविली नाही. ते तेथे उभे राहिले, कायद्याच्या भाषेत बोलले आणि जिंकले. वकिलीसाठी शिकलेला कायदा वकिली न करताही असा कामी आला.

पराभवांची वर्षे

तुम्ही म्हणाल, धर्मोपदेशकाने राजकारणात कशाला पडावे? लव्हजॉय यांच्यावर हा आक्षेप त्या काळीही घेतला गेला. त्यांचे म्हणणे सरळ होते. साखळ्या कायद्याने घडविल्या आहेत, त्या केवळ प्रवचनाने तुटणार नाहीत. कायदा करणाऱ्या सभागृहातच जावे लागेल. १८४० च्या दशकात लिबर्टी पार्टी या गुलामगिरीविरोधी लहानशा पक्षातर्फे ते अमेरिकेच्या संसदेसाठी, म्हणजे काँग्रेससाठी, उभे राहिले आणि पराभूत झाले. पण प्रत्येक निवडणुकीत गावोगावी सभा होत, आणि प्रत्येक सभेनंतर दोन-चार माणसे तरी विचार करू लागत.

१८५० साली पळालेल्या गुलामांना पकडून परत देण्याचा कायदा आणखी कडक झाला. १८५४ साली इलिनॉयचेच सेनेटर स्टीफन डग्लस यांनी असा कायदा संमत करून घेतला, की पश्चिमेच्या नव्या प्रदेशांत गुलामगिरी असावी की नसावी हे तेथे वसणाऱ्या लोकांनीच ठरवावे. म्हणजे गुलामगिरी पसरण्याचे दार उघडले. उत्तरेत खळबळ उडाली. त्या संतापाच्या लाटेतून रिपब्लिकन पक्ष जन्माला आला. इलिनॉयमध्ये तो उभा करणाऱ्यांत लव्हजॉय आघाडीवर होते. त्याच वर्षी ते राज्याच्या विधानसभेवर निवडून आले.

येथे लिंकन आपल्या कथेत येतो. ऑक्टोबर १८५४ मध्ये स्प्रिंगफील्ड येथे लिंकनचे एक प्रभावी भाषण झाले. लव्हजॉय आणि त्यांच्या साथीदारांनी त्याला आपल्या सभेला येण्याचा आग्रह केला. लिंकन आला नाही, तो गाव सोडून निघून गेला. कारण लव्हजॉय यांच्या शेजारी बसणे म्हणजे जहाल म्हणून शिक्का बसणे आणि मते गमावणे. १८५६ साली काँग्रेसच्या उमेदवारीसाठी लव्हजॉय यांनी लिंकनच्या एका जवळच्या मित्रावर मात केली, तेव्हाही लिंकनला ते प्रथम रुचले नव्हते.

आता पाहा, दोन माणसे काय करतात. लव्हजॉय यांनी लिंकनला भित्रा म्हणून झिडकारले नाही. लिंकननेही आपल्या नाराज मित्रांना आवरले आणि लव्हजॉय यांच्याविरुद्ध फूट पाडू दिली नाही. हळूहळू दोघांत स्नेह जुळला. १८५८ साली लिंकन आणि डग्लस यांचे गाजलेले जाहीर वादविवाद झाले, तेव्हा पहिल्याच सभेला, ऑटावा येथे, लव्हजॉय व्यासपीठावर हजर होते. डग्लस लव्हजॉय यांचे नाव घेऊन लिंकनला टोमणे मारीत असत. लव्हजॉय यांनी ते सोसले आणि आपल्या भागात लिंकनचा प्रचार केला. एक पुढे धावणारा, दुसरा पाऊल चाचपून टाकणारा. पण दोघांची दिशा एकच होती. आपल्यापेक्षा सावकाश चालणाऱ्याला शत्रू समजू नये, हे लव्हजॉय यांना कळले होते. आपल्या संस्था-संघटनांत जे वाद होतात त्यांतले निम्मे एवढ्या एका गोष्टीने मिटतील.

वॉशिंग्टनमधील शेतकरी

मार्च १८५७ पासून मृत्यूपर्यंत लव्हजॉय काँग्रेसच्या प्रतिनिधिगृहाचे सदस्य होते. फेब्रुवारी १८५९ मध्ये त्यांच्यावर गुलाम पळविल्याचा आरोप सभागृहातच केला गेला. त्यांनी नाकारले तर नाहीच, उलट आपल्या गावाचा आणि घराचा पत्ता सर्वांसमक्ष सांगितला आणि दाराशी येऊन मदत मागेल त्या प्रत्येकाला आपण मदत करतो, असे ठणकावले.

५ एप्रिल १८६० चा दिवस तर कायमचा लक्षात राहावा असा आहे. गुलामगिरीतील क्रौर्याविषयी बोलता बोलता लव्हजॉय विरोधी बाकांच्या दिशेने पुढे सरकले. दक्षिणेचे सदस्य मुठी आवळून त्यांच्या अंगावर धावून आले. तीस-चाळीस माणसांचा घोळका जमला, धमक्या आणि शिवीगाळ सुरू झाली. चार वर्षांपूर्वी सेनेटर चार्ल्स समनर यांना सेनेटच्या दालनातच काठीने बेशुद्ध होईपर्यंत मारले गेले होते, तेव्हा ही धमकी पोकळ नव्हती. लव्हजॉय थांबले, पण खाली बसले नाहीत. आपल्या भावाचे रक्त सांडून वीस वर्षांवर काळ लोटला आहे, आता आपले म्हणणे ऐकावेच लागेल, अशा आशयाचे उत्तर देऊन त्यांनी भाषण पुरे केले. त्यांच्या तोंडचे शब्द कधी कधी फार जळजळीत असत, आणि त्यांच्या मित्रांनाही ते खटकत. परंतु त्यांनी कोणावर हात उगारला नाही.

१८६१ साली यादवी युद्ध पेटले. त्या जुलैत लव्हजॉय यांनी मांडलेला एक ठराव प्रतिनिधिगृहाने संमत केला. पळालेले गुलाम पकडून परत देणे हे अमेरिकेच्या सैनिकांचे काम नव्हे, असा तो ठराव होता. १८६२ च्या एप्रिलमध्ये राजधानी वॉशिंग्टनमधील आणि जूनमध्ये नव्या प्रदेशांतील गुलामगिरी कायद्याने बंद झाली. दोन्हींसाठी लव्हजॉय झगडले. लिंकन फार सावकाश चालतो म्हणून जहाल मंडळी त्याच्यावर तुटून पडत, तेव्हा लव्हजॉय त्याची बाजू घेत. व्हाइट हाउसमध्ये जाऊन मात्र ते त्याला घाई करण्याचा आग्रह धरीत. मित्राची पाठराखण चारचौघांत आणि कानउघाडणी एकांतात, ही त्यांची रीत.

शेतकऱ्याचा मुलगा शेतकऱ्यांनाही विसरला नाही. प्रतिनिधिगृहाच्या शेती समितीचे ते अध्यक्ष होते. तोपर्यंत शेतीचे सरकारी काम पेटंट कचेरीच्या एका कोपऱ्यात चाले. शेतीसाठी स्वतंत्र खाते असावे, त्याने चांगले बियाणे गोळा करून वाटावे, पिकांची आकडेवारी आणि माहिती शेतकऱ्यापर्यंत पोचवावी, यासाठीचे विधेयक लव्हजॉय यांनी मांडले. १५ मे १८६२ रोजी लिंकनच्या सहीने अमेरिकेचे शेती खाते अस्तित्वात आले. याच काँग्रेसने पाच वर्षे जमीन कसणाऱ्याला १६० एकरांपर्यंत जमीन देणारा कायदा केला. शिवाय शेती आणि यंत्रविद्या शिकविणाऱ्या महाविद्यालयांसाठी प्रत्येक राज्याला त्याच्या प्रत्येक काँग्रेस-सदस्यामागे ३० हजार एकर सरकारी जमीन देण्याचा कायदाही केला. ऐन युद्धात, तोफा धडाडत असताना, त्या लोकांनी बियाणे आणि महाविद्यालये यांचा विचार केला. शिक्षण संस्था चालविणाऱ्या आपल्यासारख्यांनी यावर अवश्य मनन करावे. सवड मिळाल्यावर शिक्षण पाहू, असे म्हणणाऱ्या समाजाला सवड कधीच मिळत नाही.

शेवट

१८६३ च्या पहिल्या दिवशी लिंकनचा जाहीरनामा निघाला आणि बंड केलेल्या राज्यांतील गुलाम स्वतंत्र असल्याचे घोषित झाले. पण सर्व देशातून गुलामगिरी समूळ जाण्यासाठी राज्यघटनाच बदलायला हवी होती. ती घटनादुरुस्ती पाहायला लव्हजॉय राहिले नाहीत. प्रकृती खालावली आणि २५ मार्च १८६४ रोजी ब्रुकलिन येथे त्यांचे निधन झाले. वय अवघे त्रेपन्न. त्यांच्या मृत्यूनंतर चौदाच दिवसांनी, ८ एप्रिलला, सेनेटने ती दुरुस्ती संमत केली. प्रतिनिधिगृहाने ३१ जानेवारी १८६५ रोजी ११९ विरुद्ध ५६ मतांनी तिला मान्यता दिली आणि ६ डिसेंबर १८६५ रोजी तिला पुरेशा राज्यांचा होकार मिळाला. सुमारे ४० लाख माणसांना गुलाम ठेवणारी ती प्रथा कायद्याने संपली.

प्रिन्सटनच्या लोकांनी त्यांचे स्मारक उभारायचे ठरविले, तेव्हा लिंकनने मे १८६४ मध्ये एक पत्र पाठविले. ज्या माणसाच्या सभेला जाण्याचे त्याने दहा वर्षांपूर्वी टाळले होते, त्यालाच त्याने आता आपला अत्यंत उदार मित्र म्हटले. संगमरवरी स्मारक तर व्हावेच, पण स्वातंत्र्यावर निःस्वार्थ प्रेम करणाऱ्यांच्या हृदयांत त्याहून टिकाऊ स्मारक असावे, असा त्या पत्राचा भाव होता. प्रिन्सटनमधील ते घर आज जपून ठेवलेले असून लोक ते पाहायला जातात.

ही सारी कथा सातासमुद्रापलीकडची आहे, तिचा आपल्याशी काय संबंध, असे कोणी विचारील. त्याला उत्तर आपल्या महाराष्ट्रातच आहे. महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ साली आपला 'गुलामगिरी' हा ग्रंथ अमेरिकेतील अशाच सज्जनांना अर्पण केला. गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या त्या लोकांचा आदर्श आपल्या देशबांधवांनी घ्यावा, अशी त्यांची इच्छा होती. आल्टनच्या वखारीत आणि प्रिन्सटनच्या शेतघरात जे घडले, त्याचे मोल पुण्यात बसलेल्या जोतीरावांनी ओळखले होते.

पालकहो, अन्याय झालेल्या घरात मुले वाढतात तेव्हा त्यांच्या मनात आग असते. ती आग विझवू नका, पण तिने घर जळणार नाही याची काळजी घ्या. तिच्यावर चूल पेटवायला मुलांना शिकवा. विद्यार्थी मित्रांनो, शपथ घेणे सोपे असते, कारण ती एका क्षणाची असते. लव्हजॉय यांनी आपली शपथ सव्वीस वर्षे निभावली. प्रवचनात निभावली, रात्री दार उघडून निभावली, आरोपी म्हणून उभे राहून निभावली, निवडणुका हरून निभावली आणि शेवटी कायदा लिहून निभावली. भावाचे मारेकरी कोण होते हे आज कोणाला आठवत नाही. भावाचे काम मात्र पुरे झाले.